दावं सोडण्याआधी

आमच्या वडनेरात 'गाडी काढली' या दोन शब्दांचे दोन उलटे अर्थ होतात. दसऱ्याला पेढ्यांचा पुडा घेऊन आलेला माणूस "गाडी काढली जी" म्हणाला, तर त्याने शोरूममधून नवी आणलेली असते. तोच माणूस पोळ्याच्या सुमारास पारावर बसून "काढूनच टाकतो आता" म्हणाला होता, तेव्हा तो जुनीबद्दल बोलत होता. ऐकणाऱ्याचा घोटाळा कधी होत नाही, कारण दोन्ही गोष्टी बहुधा एकाच दमात होतात. घोटाळा होतो तो हिशोबात. भाषेने दोन व्यवहार एका क्रियापदात बांधले आणि शोरूमवाला ते एका कागदावर बांधतो. ही गाठ सोडवून दोन्ही बाजू वेगळ्या तोलाव्यात, एवढंच माझं म्हणणं आहे.

वडनेर हिंगणघाट तालुक्यात, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे. जुनी माणसं अजून त्याला 'सात नंबर'च म्हणतात. उत्तरेला हिंगणघाट, जाम आणि पुढे नागपूर. दक्षिणेला वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, पांढरकवडा आणि पैनगंगेपलीकडे आदिलाबाद. नव्या गाड्या पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रक आमच्या डोळ्यांसमोरून जातात, पण गाडी घ्यायची तर हिंगणघाट, वर्धा नाहीतर नागपूर गाठावं लागतं. जुनीचं गिऱ्हाईक मात्र इथेच, चार गावांच्या ओळखीत असतं. शहरातल्या माणसासाठी लिहिलेले सल्ले इथे अर्धेच लागू पडतात ते यामुळे.

अदलाबदल हा व्यवहार आपल्याला नवा नाही. गवळाऊ बैलांच्या या जिल्ह्यात म्हातारा बैल देऊन, वरून पैसे टाकून, दोनदाती गोऱ्हा आणायची रीत होती. दात मोजायचे, भोवरा पाहायचा, दहा पावलं चालवून पाहायचं, खोड विचारायची. भाव रुमालाखाली बोटांनी ठरायचा, म्हणजे तिसऱ्याला तो कळत नसे. आज शोरूमच्या काचेच्या खोलीत एक मुलगा संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवून बसतो, तेव्हा मला तो रुमाल आठवतो. दात मोजण्याची जागा मीटरने घेतली आणि मीटर 'पाडता' येतं, एवढाच काय तो फरक. बैलाचे दात कोणाला मागे नेता आले नाहीत.

मधल्या काळात तर प्रश्नच उलटा होता. परवान्यांच्या राज्यात गाडी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून मिळायची आणि हातात आलेली गाडी वरकड घेऊन विकता यायची. जुनं विकून तोटा होतो ही कल्पना त्या पिढीला नव्हती. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, १९९१ नंतर इतर कंपन्या आल्या, आणि गाडी ही दरवर्षी किंमत गमावणारी वस्तू झाली. २००१ साली मारुतीने जुन्या गाड्यांसाठी 'ट्रू व्हॅल्यू' ही स्वतःची दुकानं काढली. आज देशात वर्षाला चाळीस लाखांवर नव्या गाड्या विकल्या जातात आणि हात बदलणाऱ्या जुन्या गाड्या त्याहून जास्त असतात.

आता मुख्य प्रश्न: केव्हा काढावी?

गाडीची किंमत कशी झिजते याचा सर्वांत सोपा आरसा विम्याच्या कागदात असतो. विमा कंपन्या घोषित मूल्य ठरवताना जी घट धरत आल्या आहेत ती अशी: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५०. बाजारभाव याच्या थोडा वर-खाली असतो. बोलेरोसारखी गाडी आमच्याकडे याहून चांगली टिकते, एखादी महागडी सेडान याहून वेगाने कोसळते. पण सगळ्यात मोठं नुकसान पहिल्या मालकाच्या पहिल्या पाच वर्षांत होतं, हे खरं. म्हणून दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलणारा माणूस प्रत्येक वेळी सगळ्यात महाग वर्षं विकत घेतो आणि स्वस्त वर्षं दुसऱ्याला देऊन टाकतो. हौस असेल तर काही बोलायचं नाही. पण ती हौस आहे, त्याला शहाणपण म्हणू नये.

उलट बाजूने येणारा युक्तिवाद नेहमी मिस्त्रीच्या दुकानात ऐकू येतो. "तीन लाखांच्या गाडीला साठ हजार लावून काय फायदा?" हे गणित चुकीच्या जागी सुरू होतं. समजा आठ वर्षांच्या गाडीला क्लच, सस्पेन्शन, चार टायर आणि बॅटरी मिळून साठ हजार येतात. तिच्याऐवजी सात लाखांची नवी घेतली, तर वरच्याच हिशोबाने दुसऱ्या वर्षात शिरेपर्यंत तिच्यातले एक लाख चाळीस हजार विरलेले असतात आणि कर्जाचं व्याज वेगळं. साठ हजारांत जुनी अजून दोन-तीन वर्षं नीट चालणार असेल तर ती दुरुस्ती स्वस्तच आहे. टायर आणि क्लच झिजणं म्हणजे म्हातारपण नव्हे. बैलाची नाल बदलावी लागते म्हणून कोणी बैल विकत नाही. एकच मोठं काम दुसऱ्यांदा निघालं, इंजिन ऑइल प्यायला लागलं, पत्रा आतून गंजला, किंवा पार्टसाठी नागपूरच्या चकरा वाढल्या, तर मात्र मिस्त्री सांगायच्या आधी आपण समजून घ्यावं.

गणितात न बसणारी एक गोष्ट गावात फार मोठी असते. रात्री बारा वाजता कोणाच्या छातीत दुखायला लागलं तर आमच्याकडे हिंगणघाट, नाहीतर थेट सेवाग्राम किंवा नागपूर. त्या वेळी दारातली गाडी ही केवळ आपली राहत नाही, ती गल्लीची असते. पहिल्या चावीला ती उठेल का, पावसात जामपर्यंत तरी जाईल का, अशी शंका मनात येऊ लागली की तिचा बाजारभाव कितीही असो, माझ्या मते ती काढायची वेळ झाली.

एका गैरसमजाने आमच्या तालुक्यात बऱ्याच चांगल्या गाड्या मातीमोल गेल्या आहेत. "पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते." दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश आले आणि टीव्हीवर पाहून लोकांनी ते आपल्याला लावून घेतले. वर्ध्याच्या खासगी गाडीला असा नियम नाही. पंधरा वर्षांनी नोंदणी संपते. गाडी तपासून घ्यायची, फी आणि पर्यावरण कर भरायचा, की पुढची पाच वर्षं मिळतात. हे महाग मात्र झालं आहे. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० करण्यात आली. म्हणून चौदाव्या वर्षी विकणाऱ्याला घासाघीस सोसावी लागते, कारण घेणारा तो खर्च आधीच वजा करतो. चालू स्थितीतली गाडी नोंदणी वाढवून विकली तर तो खर्च बहुतेक वेळा भावात परत येतो. अगदीच मोडीत काढायची असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी. २०२१च्या धोरणानुसार तिथे नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के इतकं भंगारमूल्य आणि ठेव प्रमाणपत्र मिळावं अशी योजना आहे. ते प्रमाणपत्र दाखवून नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये सवलत मिळते; केंद्राच्या नियमात खासगी गाडीसाठी तिची कमाल मर्यादा २५ टक्के आहे. चौकातल्या कबाड्याला दिली तर लोखंड जातं, आरसी मात्र आपल्या नावावर जिवंत राहते.

गाडी तीच राहते आणि बाहेरचं जग तिची किंमत हलवतं, असंही होतं. शेवर्लेने २०१७च्या अखेरीस इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१च्या सप्टेंबरात कारखाने बंद करण्याचं जाहीर केलं, आणि या गाड्यांच्या मालकांना आपली काही चूक नसताना भाव पडलेला पाहावा लागला. त्याच २०२१ साली चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्यांना महिनोन्महिने वेटिंग होतं आणि जुन्यांना चांगला भाव आला. मग २२ सप्टेंबर २०२५ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला. काही मॉडेलांच्या किमती पन्नास हजारांहून जास्त उतरल्या. नवी घेणारा खूश झाला, पण दोन-तीन वर्षांच्या गाडीचा मालक खट्टू झाला, कारण नवी उतरली की जुनीही तिच्या पाठोपाठ उतरते. मला विचाराल तर यात रडण्यासारखं काही नाही. जुनी देऊन नवी घेणाऱ्याला एका खिशातून गेलं ते दुसऱ्यात आलं. नुसती विकणाराच खरा भरडला गेला.

सध्या पारावरचा ताजा विषय वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा आहे. एप्रिल २०२३ आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. सरकारी खुलासा असा की मायलेज थोडं घटतं आणि जुन्या गाडीतले काही रबरी भाग, गॅस्केट लवकर बदलावी लागू शकतात. एवढ्यासाठी धावती गाडी घाईने फुकून टाकावी असं मला वाटत नाही. घेणारा मात्र हे कारण सांगून भाव पाडणार, याची तयारी ठेवावी.

महिन्यांचंही एक गणित आहे. गावात पैसा कापूस-सोयाबीनच्या मागे येतो, त्यामुळे जुन्या गाडीचं गिऱ्हाईक दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत सापडतं. पितृपक्षात कोणी हात लावत नाही. जून-जुलैत सगळ्यांचा पैसा बियाण्यात आणि खतात अडकलेला असतो. तेव्हा विकायला निघालेला माणूस अडचणीत आहे हे समोरच्याला न सांगता कळतं. शोरूमकडे सर्वांत मोठी सूट असते डिसेंबरात, कारण एक तारीख उलटली की दुकानातल्या गाडीचं साल जुनं होतं. पण तीच तारीख आपल्या जुन्या गाडीलाही लागू आहे. जानेवारीत तीही एक वर्षाने म्हातारी होते. म्हणून जुनी दिवाळीच्या आसपास विकायची आणि नवी डिसेंबरअखेर घ्यायची, हा माझ्या पाहण्यातला सगळ्यात फायद्याचा क्रम. मधले दीड-दोन महिने एसटीने काढायची घरच्यांची तयारी हवी. ती बहुधा नसते, आणि एक्सचेंजचा धंदा चालतो तो त्यामुळेच.

तर मग त्या काचेच्या खोलीत जाऊ. आकडे उदाहरणापुरते घ्या. जुनीला बाहेर ३,२०,००० देणारा माणूस आहे. शोरूम म्हणतं, तुमची गाडी २,७०,०००, वर एक्सचेंज बोनस २५,०००, झाले २,९५,०००. माणूस मनात म्हणतो, पंचवीस हजारांचाच फरक, कटकट नको. पण जुनी न देता नुसती नवी घेतली असती तर वीस हजारांची रोख सूट मिळाली असती, हे त्याने विचारलेलंच नसतं. म्हणजे खरा फरक ४५,०००. वर कर्जाचा दर, त्यांच्याकडूनच घ्यायचा विमा, मॅट आणि सीट कव्हर हे वेगळे खिसे आहेतच. एका खिशातून दिलं ते दुसऱ्यातून काढता येतं. यावर उपाय एकच. जुन्या गाडीचं नाव न काढता आधी नवीची ऑन-रोड किंमत, सगळी सूट धरून, कागदावर लिहून घ्यायची. मग बाहेर येऊन दोन ठिकाणी जुनीचा भाव काढायचा. तिसऱ्या दिवशी परत जाऊन विचारायचं, "जुनी दिली तर किती?"

काही लोकांना वाटतं की जुनी वजा करून उरलेल्या रकमेवरच कर लागतो. तसं आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत फरकावरच विक्रीकर बसतो, त्यामुळे तिथे अदलाबदल करण्यात कराची बचत असते. आपल्या जीएसटी नियमांत वस्तूच्या बदल्यात वस्तू दिली तरी नवीची पूर्ण बाजारकिंमत धरली जाते. करासाठी म्हणून एक्सचेंज करण्यात काही अर्थ नाही.

ते ४५,००० वाया जातात का? नेहमी नाही. त्या पैशांत आपण काहीतरी विकत घेतो: रोज फोन करून "लास्ट काय?" विचारणाऱ्यांपासून सुटका, वर्ध्याच्या परिवहन कार्यालयाच्या फेऱ्या, आणि सहा महिन्यांनी "गिअर अडकते जी" म्हणत दारात उभा राहणारा पाव्हणा टळणं. ओळखीत विकण्याचा हा शेवटचा तोटा शहरी माणसाला कळत नाही. लग्नाकार्यात तो माणूस समोर येतो आणि गाडीचं काय झालं ते चारचौघांत सांगतो. ज्याला हे सोसवत नाही त्याने शोरूमला द्यावी, फक्त शांतता किती रुपयांना घेतली हे माहीत असावं. नागपूरहून घरी येऊन गाडी तपासणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांचा सुरुवातीचा आकडा मोठा असतो आणि तपासणीनंतर तो उतरतो. त्यांचा उपयोग मी भाव समजायला करतो. हिंगणघाट-वर्ध्याचे दलाल गाडी 'उभी ठेवून द्या' म्हणतात. किल्ली देताना मीटरचा फोटो काढावा आणि मुदत लिहून घ्यावी.

भावावर माणसं आठवडाभर घासाघीस करतात आणि कागदावर पाच मिनिटं घालवतात. खरा धोका कागदात आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ज्याच्या नावावर आरसी होती त्याने गाडी २००७ सालीच विकलेली होती. पुढे ती आणखी हातांत गेली. २००९ साली अपघात झाला. ६ फेब्रुवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीवर नाव असलेल्या त्या मूळ मालकावर टाकली. विक्री झाली होती, पैसे मिळाले होते, फक्त नाव बदललेलं नव्हतं. आमच्याकडे मात्र अजून कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देतात आणि वर 'बॉन्डवर लिहून घेतलं' म्हणून निर्धास्त होतात. तो शंभराचा बॉन्ड २०२४च्या ऑक्टोबरपासून पाचशेचा झाला, पण त्याने आरसीवरचं नाव हलत नाही. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा, असा कायदा आहे. आदिलाबादचा माणूस घेत असेल तर आधी एनओसी लागते. कर्ज फिटलं असलं तरी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवावा लागतो; पाच वर्षांपूर्वी हप्ते संपलेल्या कित्येक गाड्यांवर तो अजून आहे. २०१९च्या एप्रिलआधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर ट्रान्सफर अडतं.

दलालाला दिलेल्या गाडीचं काय, ही पोकळी बरीच वर्षं होती. १ एप्रिल २०२३पासून अधिकृत डीलर फॉर्म २९सी ने गाडी ताब्यात घेतल्याचं पोर्टलवर कळवू शकतो आणि मग जबाबदारी त्याच्यावर जाते. ज्याच्याकडे ती अधिकृतता नाही, त्याच्या अंगणात उभी असलेली गाडी आपलीच. गुरांच्या बाजारात चिठ्ठी फाडल्याशिवाय आमच्या आज्याने कधी दावं हातातून सोडलं नाही. नातू चावी टेबलावर टाकून चहाला जातो.

किरकोळ बाबी चटकन सांगतो. नो-क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. पाच वर्षं दावा न करता तो ५० टक्क्यांवर गेलेला असेल तर विमा कंपनीकडून पत्र घेऊन नव्या विम्यात वळवावा. कापसाचे पैसे हातात असले तरी एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख घेऊ नये, कायद्याने चालत नाही. घरची गाडी तोट्यात विकली म्हणून कर नाही. २०२४च्या डिसेंबरात जैसलमेरच्या बैठकीत ठरलेला १८ टक्के जीएसटी व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे, आपल्यावर नाही, जरी त्या आठवड्यात अर्ध्या गावाने उलटं ऐकलं होतं.

एवढं सगळं सांगणाऱ्या माझं काय झालं तेही सांगायला हवं. मागच्या खेपेला मी जुनी गाडी ओळखीतल्या एकाला विकली. फॉर्म भरले, बोजा उतरवला, वर्ध्याला जाऊन नाव बदललं, बोनसचं पत्रही घेतलं. आजा बैल विकताना गळ्यातली घुंगरमाळ आणि दावं काढून घरी खुंटीला लावायचा. दावं दिलं तर लक्ष्मी जाते म्हणायचा. मी काचेवरचा फास्टॅग काढायचा विसरलो. तिसऱ्या दिवशी जेवत असताना फोन वाजला. दारोडा टोल नाक्यावर माझ्या खात्यातून पैसे कापले गेले होते. संध्याकाळी परतीचेही. घेणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "हो जी काकाजी, मी म्हटलं तुमी भरूनच देल्ला असन."